पहिल्यांदा सोलला जाताय? सगळे विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं

२०२५ ची दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघी सोलला जाऊन आलो. मी, सासूबाई (पुढं 'आई' म्हटलंय त्या याच; वय ७१, मासे-मटण कधीच नाही, अंडं मात्र डॉक्टरांनी सांगितल्यापासून चालतं) आणि अकरावीतली लेक, जिच्या हट्टापायी हे सगळं घडलं. पाच रात्री, चार पूर्ण दिवस. परत आल्यापासून नात्यातले, सोसायटीतले, लेकीच्या मैत्रिणींचे आईबाबा तेच तेच प्रश्न विचारताहेत. प्रत्येकाला वेगळं टंकत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. भाव आणि वेळा आम्ही गेलो तेव्हाच्या आहेत, निघण्यापूर्वी पडताळून घ्या.

चार दिवसांत सोल बघून होतं का?

नाही. आणि तो नादच सोडा. सोल ६०५ चौरस किलोमीटरचं शहर आहे, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा मोठं, आणि मधून हान नदी वाहते. नदीही अशी तशी नाही, पूल ओलांडायलाच एक-दीड किलोमीटर. लेकीनं केलेल्या पहिल्या आराखड्यात सकाळी राजवाडा, दुपारी नदीपलीकडचं गंगनम, संध्याकाळी होंगदे असा एक दिवस होता. डोंबिवलीकराला कळेल अशा भाषेत सांगायचं तर सकाळी फोर्ट, दुपारी ठाणे, संध्याकाळी बोरिवली. मेट्रो कितीही चांगली असली तरी दिवस तिच्यातच जातो.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला नदीच्या उत्तरेला राहा आणि बहुतेक तिकडंच फिरा. जुने राजवाडे, बाजार, देवळं, जुन्या गल्ल्या, नामसानची टेकडी सगळं तिथं चालत किंवा चार-पाच स्टेशनांच्या अंतरात आहे. एक दिवस, एक भाग. नदीपलीकडचं सोल काचेचं, उंच आणि चकचकीत आहे. त्याच्यासाठी फार तर एक संध्याकाळ ठेवा.

व्हिसा लागतो का? किती आधी करायचा?

भारतीय पासपोर्टला लागतो. इंटरनेटवर के-ईटीए नावाच्या परवान्याबद्दल वाचाल. तो व्हिसा माफ असलेल्या देशांसाठी, आपला त्याच्याशी संबंध नाही. मुंबईत दक्षिण कोरियाचं वाणिज्य दूतावास आहे. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र, विमानाचं आणि हॉटेलचं आरक्षण असा नेहमीचा जुडगा लागतो. दीड-दोन महिने आधी कामाला लागा. हॉटेल मात्र रद्द करता येईल असंच बुक करा.

पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही, एवढं ओळखा.

मुंबईहून जायला किती वेळ लागतो?

दिल्लीहून थेट विमानं आहेत. मुंबईहून बहुतेक जण बँकॉक, हाँगकाँग किंवा सिंगापूरला थांबा घेऊन जातात. थांब्यासकट बारा ते पंधरा तास धरा. आम्ही हाँगकाँगमार्गे गेलो. सोलचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढं. त्यामुळं पहिल्या दिवशी सकाळी नवाला तुमचं शरीर साडेपाचच वाजलेत म्हणून अडून बसतं. पहिल्या सकाळी काही ठरवू नका.

कधी जावं?

एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर, ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानं लाल-पिवळी. हे दोनच काळ मी सुचवीन. जुलैमध्ये त्यांचाही पावसाळा असतो आणि नंतरचा ऑगस्ट चिकचिकीत. त्यासाठी एवढे पैसे घालून मुंबई सोडायचं काही कारण नाही. जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो.

आम्हाला गिंको झाडांची पिवळी पानं मिळाली. रस्तेच्या रस्ते हळदीनं माखल्यासारखे. फोटोत एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे वास. गिंकोची पिकलेली फळं फुटपाथवर पडून चेंगरतात आणि त्यांना नासक्या लोण्यासारखा दर्प येतो. बुटाला चिकटलं की हॉटेलपर्यंत सोबत करतं. खाली बघून चाला.

आणि दोन सण टाळा. एक सोल्लाल, म्हणजे चांद्र नववर्ष. दुसरा चुसोक, आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा. तेव्हा सगळं शहर गावी जातं, आगगाड्या भरलेल्या, बरीच दुकानं आणि खानावळी बंद. गणपतीत चाकरमानी कोकणात जातात त्याची आठवण व्हावी. २०२५ मध्ये चुसोक ६ ऑक्टोबरला होता, नेमका आपल्या कोजागिरीच्या दिवशी. तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा तिकीट काढण्याआधी कालनिर्णयबरोबर कोरियन कॅलेंडरही बघा.

विमानतळावरून शहरात कसं जायचं?

इंचॉन विमानतळ शहरापासून बऱ्यापैकी लांब आहे. थेट गाडी पहिल्या टर्मिनलवरून सोल स्टेशनला ४३ मिनिटांत जाते. थांबत जाणारी गाडी तासाभरात जाते आणि तिला अर्ध्याहून कमी पैसे पडतात. दोन्ही एकाच मार्गावर. होंगदेला उतरणार असाल तर थांबत जाणारीच घ्या, थेट गाडी तिथं थांबत नाही.

आमच्याबरोबर तीन मोठ्या बॅगा आणि आईंचे गुडघे होते, म्हणून आम्ही विमानतळाची बस घेतली. महाग आहे, पण सामान ते खाली ठेवून घेतात, पावती देतात आणि हॉटेलपासून शंभर पावलांवर सोडतात. वयस्कर कुणी सोबत असेल तर दुसरा विचार करू नका.

राहायचं कुठं?

जोंगनो, इन्सादोंग किंवा आंगुक स्टेशनच्या आसपास. राजवाडे पायाशी, रात्री शांत. म्योंगदोंग खरेदीसाठी बरं, पण संध्याकाळी तिथं रानडे रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी. होंगदे विद्यार्थ्यांचं, तुमचं वय पंचविसाच्या आत असेल तर तिथंच जा.

आम्ही दोन रात्री हॉटेलात आणि तीन रात्री जुन्या लाकडी घरात राहिलो. अशा घराला हानोक म्हणतात. जमिनीखालून ऊब देण्याची त्यांची पद्धत आहे, ओंदोल. पूर्वी स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि धग फरशीखालच्या पोकळ्यांतून फिरवत, आता गरम पाण्याच्या नळ्या असतात. गादी जमिनीवरच घालतात. आईंनी पहिल्या रात्री नाक मुरडलं आणि दुसऱ्या सकाळी उठून म्हणाल्या, "कंबर शेकून निघाली गं." गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी मात्र जमिनीवरून उठता येईल का, हे आधी घरी करून बघावं.

मेट्रो समजते का? पास काढावा का?

समजते. पाट्या आणि घोषणा इंग्रजीतही असतात, मार्गांना रंग आणि आकडे आहेत. दोन नंबरचा हिरवा मार्ग गोल फिरतो, म्हणजे चुकलात तरी फिरून परत येता.

कुठल्याही चोवीस तास चालणाऱ्या किराणा दुकानात टी-मनी कार्ड मिळतं. ते मेट्रो, बस, टॅक्सी सगळीकडं चालतं. भरणा करायला रोख वॉन, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा. मेट्रोचं किमान भाडं जून २०२५ पासून १,५५० वॉन आहे. पर्यटकांसाठी 'क्लायमेट कार्ड' नावाचा पास आहे, तीन दिवसांचा १०,००० आणि पाच दिवसांचा १५,००० वॉन. हिशेब सोपा: पाच दिवसांत दहा फेऱ्या झाल्या की पास वसूल. मात्र विमानतळावरून शहरात येताना तो चालत नाही, तेव्हा वेगळं तिकीट काढा.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. बसमधून उतरतानाही कार्ड लावायचं. लावलं तर पुढच्या अर्ध्या तासात मेट्रो पकडताना पुन्हा किमान भाडं पडत नाही. आणि हातात कॉफीचा कप असेल तर बसचालक वर घेत नाही. लेकीची साडेचार हजार वॉनची कॉफी आम्ही तिघींनी थांब्यावर उभं राहून संपवली.

स्टेशनचं नाव कळून उपयोग नाही, बाहेर पडायच्या दाराचा नंबर हवा. काही स्टेशनांना दहाच्या वर दारं आहेत आणि चुकीच्या दारानं वर आलात तर आठ पदरी रस्त्याच्या पलीकडं निघता. तिथला माणूस पत्ता सांगतानाच "आंगुक, तीन नंबर" असं सांगतो. छांगदोकगुंग राजवाड्याला त्याच दारानं जायचं. ग्योंगबोकगुंग राजवाड्याला त्याच नावाच्या स्टेशनचं पाच नंबरचं दार.

डब्याच्या टोकाच्या जागा ज्येष्ठांच्या, गुलाबी जागा गरोदर बायकांच्या. गाडी तुडुंब भरली तरी तरुण पोरं टोकाच्या जागांवर टेकत नाहीत. आई चढल्या की कुणीतरी उठायचंच.

गूगल मॅप्स चालतं ना?

त्याच्या भरवशावर जाऊ नका. नकाशाची तपशीलवार माहिती देशाबाहेर न्यायला कोरियन सरकारनं वर्षानुवर्षं नकार दिला, त्यामुळं गूगलवर चालत जायचा रस्ता आम्हाला मिळत नव्हता. नावेर मॅप किंवा काकाओ मॅप निघण्यापूर्वीच घालून ठेवा. नावेरला इंग्रजी आहे. नावं मात्र नेमकी टाइप करावी लागतात. सोपा उपाय म्हणजे हॉटेलचं आणि रोजच्या ठिकाणांचं कोरियन लिपीतलं नाव फोनमध्ये जपून ठेवायचं आणि चिकटवायचं. टॅक्सीवाल्याला दाखवायलाही तेच.

राजवाडे पाच आहेत म्हणे. सगळे बघायचे?

दोन बघा. ग्योंगबोकगुंग आणि छांगदोकगुंग. आणि आठवड्याचा वार बघून बघा: ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद, छांगदोकगुंग सोमवारी बंद. आम्ही मंगळवारी सकाळी साडेनवाला बंद दारासमोर उभ्या होतो. चूक माझीच, वार बघितला नव्हता.

ग्योंगबोकगुंग १३९५ मध्ये बांधला. १५९२ च्या जपानी स्वारीत जळाला आणि पुढं पावणेतीनशे वर्षं पडून राहिला. १८६७ मध्ये पुन्हा उभारला, तर १९१० मध्ये देशच जपानच्या ताब्यात गेला. त्यांनी आतल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि दरबाराच्या ऐन समोर आपल्या गव्हर्नर-जनरलची दगडी कचेरी बांधली, राजवाडा रस्त्यावरून दिसूच नये अशी. स्वातंत्र्याची पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, ती कचेरी पाडायला घेतली; राजवाडा एकेक दालन करत परत बांधायचं काम १९९० पासूनच सुरू झालं होतं. ते काम संपलेलं नाही. म्हणजे तुम्हाला दिसतं त्यातलं बरंचसं लाकूड तुमच्या-माझ्यापेक्षा तरुण आहे. काहींना हे कळल्यावर फसल्यासारखं वाटतं. मला उलट वाटलं. शनिवारवाड्याच्या जोत्यावर उभं राहून "इथं सात मजले होते" असं ऐकत मोठी झालेली मी. इथं कुणीतरी ते मजले खरंच परत चढवताहेत.

सकाळी १० आणि दुपारी २ वाजता मुख्य दारापाशी पहारा बदलण्याचा सोहळा असतो. नंतर गर्दी दरबाराकडं सरळ जाते. तुम्ही मागं राणीवशाकडं वळा. जाग्योंगजोन नावाच्या दालनामागं एक धुराडं आहे, त्याच ओंदोलच्या धुराचं. भिंतभर विटकरी, आणि तिच्यावर पाइनचं झाड, हरणं, करकोचे, कासव अशी दीर्घायुष्याची चिन्हं कोरलेली. धूर सोडायच्या भिंतीवर एवढी नक्षी! आई तिच्यासमोर दहा मिनिटं उभ्या होत्या.

छांगदोकगुंग हे युनेस्कोच्या यादीतलं. त्याच्या मागची बाग, हुवोन, हे खरं कारण. तिथं ठरावीक वेळेला ठरावीक माणसंच सोडतात आणि ऑनलाइन आरक्षण सहा दिवस आधी, कोरियन वेळेनुसार सकाळी दहाला उघडतं. म्हणजे आपले साडेसहा. पानगळीच्या दिवसांत जागा बघता बघता संपतात. लेकीनं घड्याळ लावून, परीक्षेच्या निकालाला बसतात तसं फोनसमोर बसून तीन तिकिटं काढली. राजवाड्याचे ३,००० आणि बागेचे ५,००० वॉन. दीड तास चालणं आहे, चढ-उतार आहेत. तळ्याकाठच्या दोन मजली ग्रंथालयापाशी पहिला थांबा असतो. गुडघे कुरकुरत असतील तर गाइडला तिथंच विचारून घ्या.

हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घालून गेलं की तिकीट माफ, हे खरं का?

खरं. राजवाड्यांभोवती भाड्यानं देणारी दुकानं रांगेनं आहेत. तिकिटाचे तीन हजार वाचवायला पंधरा-वीस हजार मोजायचे, हा हिशेब लेकीला सांगून उपयोग नसतो. फोटो मात्र सुंदर येतात. आई साडीत होत्या, "नऊवारीला सूट नाही का?" असं त्यांनी मला खिडकीवर विचारायला लावलं. नाही.

बुकछोनच्या जुन्या घरांच्या गल्ल्या?

जा, पण वेळ पाळून. तिथं लोक राहतात, आणि दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना ते विटले. मुख्य गल्लीत आता पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ याच वेळेत फिरता येतं, आणि मार्च २०२५ पासून मोडणाऱ्याला १ लाख वॉनपर्यंत दंड आहे. पिवळ्या जाकिटातली माणसं "हळू बोला"च्या पाट्या घेऊन उभी असतात. आपल्या आवाजाची आपल्याला कल्पना नसते. मलाही दोनदा पाटी दाखवली.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

उपाशी राहणार नाही, पण गाफील राहिलात तर नकळत मासे खाल. अडचण तुकड्यांची नसते, रश्शाची असते. साध्या दिसणाऱ्या नूडल्सचा, टोफूच्या आमटीचा, कधी नुसत्या भाजीचाही आधार म्हणजे सुक्या मासळीचं पाणी. कोकणात वाढलेल्या माणसाला झाकण उघडताच कळेल. आईंना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अर्धा वाडगा संपवला, तेव्हा तळाशी बोटभर लांबीची चंदेरी मासळी निघाली. त्यांनी चमचा खाली ठेवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "झालं ते झालं, घरी सांगू नकोस." (विचारून सांगतेय.) किमचीतही बहुधा आंबवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो, तेव्हा "कोबीचं लोणचं" समजून घेऊ नका.

"गोगी प्पेजुसेयो" म्हणजे मांस वगळा. एवढ्यानं मासे वगळले जात नाहीत, कारण बोलीत गोगी म्हणजे मटण-चिकन. त्यापेक्षा मांस, मासे, कोळंबी, मासळीचा रस्सा काहीच चालत नाही असं कोरियनमध्ये भाषांतर करून फोनवर मोठ्या अक्षरात ठेवा आणि ऑर्डरपूर्वी दाखवा. खानावळीतल्या बाया मनापासून वाचतात, आणि नसेल तर सरळ नाही म्हणतात. त्या "नाही"ला नावं ठेवू नका, फसवण्यापेक्षा बरं.

हमखास चालणारं: बिबिंबाप, म्हणजे भातावर मांडलेल्या भाज्या आणि अंडं, मांस वगळून, ते वरचं तिखट वेगळं मागा, कधी त्यात खिमा असतो. भोपळ्याची गोडसर पेज. रस्त्यावरची भाजलेली रताळी, तिथं गोगुमा म्हणतात, आणि ती इतकी गोड की आईंनी एकादशीची आठवण काढली. होत्तोक म्हणजे आतून गूळपोळीसारखी, पण पाक वितळलेला असतो. पहिला घास घाईनं घेऊ नका, माझी जीभ दोन दिवस पोळलेली होती. आणि बुंगोप्पांग. हा माशाच्या आकाराचा. आईंनी लांबूनच हात जोडले. आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण असतं, माशाचा फक्त साचा. तीन दिवस समजावल्यावर एक खाल्ला, शेपटीकडून.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर एकदा देवळाच्या पद्धतीचं जेवण जेवा. जोग्ये मंदिराच्या आणि इन्सादोंगच्या भागात मिळतं, आरक्षण करून जा. कोरियन बौद्ध भिक्षूंच्या स्वयंपाकात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्याही नाहीत. म्हणजे आपला चातुर्मासच, बारा महिने. पंधरा-वीस छोट्या वाट्या येतात: कमळकाकडी, मशरूम, पालेभाज्या, टोफू, भात. आम्ही दर माणशी दोन हजार रुपयांवर दिले आणि पाच दिवसांत आईंनी पोटभर, शंका न घेता केलेलं हे एकच कोरियन जेवण.

इतेवोन भागात भारतीय हॉटेलं आहेत. एका रात्री गेलो, डाळ-भात खाल्ला, बरं वाटलं. घरून चिवडा, चकल्या, मेथीचे ठेपले न्या. मांस, दुधाचे पदार्थ, फळं, बिया नेऊ नका, विमानतळावर तपासतात.

ग्वांगजांग बाजारात जावं का? शाकाहारी माणसाला तिथं काय?

जात्यासाठी जा. १९०५ मध्ये सुरू झालेला हा बाजार कापडाचा, पण गर्दी असते ती खाण्याच्या ओळींत. बिंदेत्तोक म्हणून पदार्थ आहे: भिजवलेले मूग वाटून, तव्यावर भरपूर तेलात केलेलं जाडजूड धिरडं. वाटायला दुकानापुढंच दगडी जातं ठेवलेलं, खाली मोटर. वरची तळी गरगर फिरते, बाई पळीनं मूग-पाणी भोकात ओतते आणि कडेनं पिवळसर पीठ ओघळत पातेल्यात पडतं. आईंनी बराच वेळ बघितलं, मग हातानं खुणा करून त्या बाईंना आपल्याकडं जातं दोघी समोरासमोर बसून कसं ओढतात ते दाखवलं. त्या बाईंनी हसून खुंटा धरल्यासारखी मूठ फिरवून दाखवली. त्यांच्या आईकडंही असणार.

धिरड्यात किमची असते, कित्येक ठिकाणी डुकराचं मांसही. आईंनी जात्याचं दर्शन घेतलं, धिरडं मी खाल्लं. रोख पैसे जवळ ठेवा आणि भाव आधी विचारा.

पैशांचा हिशेब कसा लावायचा?

शेवटची तीन शून्यं काढा आणि साठनं गुणा. दहा हजार वॉन म्हणजे सहाशे रुपये. आम्हाला तिघींच्या खोलीला रात्रीचे साधारण दीड लाख वॉन पडले, साधं जेवण दहा-बारा हजार. कार्ड जवळपास सगळीकडं चालतं; रोख लागते ती बाजारात आणि मेट्रोचं कार्ड भरायला. टिप देत नाहीत, ठेवलीत तर मागं धावत येऊन परत करतात. खरेदी १५,००० वॉनच्या वर गेली की बऱ्याच दुकानांत पासपोर्ट दाखवून कर तिथल्या तिथं वजा होतो.

इंग्रजीवर भागतं का?

मेट्रोत, हॉटेलात भागतं, खानावळीत खुणांवर. पण त्यांची लिपी शिकून जा, खरंच. राजा सेजोंगनं १४४६ मध्ये ती जाहीर केली, आज तिच्यात २४ मूळ अक्षरं आहेत, आणि ज्यानं कंठ्य-तालव्य-दंत्य-ओष्ठ्य अशी वर्णमाला शाळेत घोकलीय त्याला ती ओळखीची वाटते. अक्षरांचे आकारच जीभ आणि ओठ कसे ठेवायचे त्यावरून घेतलेत. 'क'च्या जवळचं अक्षर म्हणजे मागं वाकलेली जीभ, 'म' म्हणजे मिटलेल्या तोंडाचा चौकोन. मला चार संध्याकाळी लागल्या. अर्थ कळत नाही, पण पाटीवर "ख-पी" वाचून कॉफी आहे हे समजलं की लहान मुलासारखा आनंद होतो. ग्वांगह्वामुन चौकात सेजोंगचा सोनेरी पुतळा आहे, त्याच्या खाली लिपीचं फुकट प्रदर्शन आहे.

दोन शब्द पुरतात: आन्न्योंग हासेयो (नमस्कार) आणि काम्साहाम्निदा (आभारी आहे). काही देता-घेताना दोन्ही हात पुढं करा. दुकानदार मुलगा सुटे पैसे दोन्ही हातांनी, किंचित वाकून देतो. आईंना हे फार आवडलं. त्या परत आल्यावर रिक्षावाल्यालाही तसेच पैसे देताहेत.

संग्रहालयं कंटाळवाणी होतील का?

राष्ट्रीय संग्रहालय नाही होणार. इछोन स्टेशनला उतरा; कायमची दालनं फुकट आहेत. सगळं बघू नका, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीसाठी जा. काळोखी वाट, थोडी चढती जमीन, मातकट भिंती, आणि आत फक्त दोन मूर्ती. सोन्याचा मुलामा दिलेले काशाचे बोधिसत्त्व, सहाव्या-सातव्या शतकातले, एक पाय दुसऱ्या मांडीवर, उजव्या हाताची बोटं गालाला लागता लागता थांबलेली. ओठांवर हसू आहे की नाही ते ठरवता येत नाही. काचेचं कपाट नाही, मागं फिरूनही बघता येतं. कुणी बोलत नाही. लेकीनं पाच दिवसांत फोन खिशात ठेवला तो इथं.

टॉवरवर जायचं का?

एकावरच. लोत्ते वर्ल्ड टॉवर ५५५ मीटर, १२३ मजले, पण नदीच्या दक्षिणेला. आम्ही नामसानच्या टेकडीवर केबलकारनं गेलो आणि तिथल्या टॉवरवर चढलोच नाही. पायथ्याच्या कट्ट्यावरून संध्याकाळी शहर पेटताना फुकट दिसतं.

डीएमझी (उत्तर कोरियाच्या सीमेवरचा निर्लष्करी पट्टा), बुसान, असं काही चार दिवसांत बसतं का?

बुसान नको, जलद गाडीनंही जायला अडीच तास. उत्तर कोरियाच्या सीमेची सहल अर्ध्या दिवसात होते, मूळ पासपोर्ट लागतो, सोमवारी नसते. उत्तर कोरियानं सीमेखालून खणलेल्या, १९७८ मध्ये सापडलेल्या तिसऱ्या बोगद्यात उतरायचं तर उतार तीव्र आहे, गुडघेवाल्यांनी वरच बसावं. फोटोत दिसणाऱ्या निळ्या खोल्या पानमुंजोमच्या, म्हणजे दोन कोरियांच्या बैठकीच्या जागेच्या, त्या या सहलीत नसतात. आम्ही गेलो नाही. तो दिवस मी लेकीला दिला: होंगदेच्या रस्त्यावर नाचणारी-गाणारी पोरं, फोटोंची छोटी यंत्रं, गायकांच्या चित्रांची दुकानं. आई तिथल्या एका बाकावर दोन तास बसल्या आणि त्यांनाही कंटाळा आला नाही.

बायका-बायकांनी जाणं सुरक्षित आहे?

आम्हाला एकदाही भीती वाटली नाही, रात्री अकरालाही. पोलीस ११२, रुग्णवाहिका ११९, आणि पर्यटकांसाठी १३३०, त्यावर चोवीस तास इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं. रस्त्यावर कचऱ्याचे डबे सापडत नाहीत. पिशवी जवळ ठेवा.

चार्जर?

२२० व्होल्ट, गोल दोन पिना. आपले दोन पिनांचे चार्जर बसतात, तीन पिनांचे नाही.

येताना काय आणावं?

मोजे, कारण ते स्वस्त आणि झकास असतात. लेकीच्या तोंडाला लावायच्या वस्तू तुम्ही टाळू शकणार नाही. आणि गिम, म्हणजे तिळाच्या तेलात भाजलेले समुद्री शेवाळाचे कागदासारखे पातळ पापड. हलके, शाकाहारी, टिकतात. आईंनी बारा पाकिटं आणली आणि आता प्रत्येक पाहुण्याला देऊन विचारतात, शेवाळ उपवासाला चालतं का. अजून कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही.